शब्दकोशाची शिवण

वृद्धनिवासात तिला सगळे विरंगुळाताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते सांगता येत नाही, पण संशय स्वयंपाकीणबाईंवर आहे, कारण त्या घरात नावं ठेवण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं. नेमणुकीच्या कागदावर ताईंचा हुद्दा चांगला लांबलचक होता. त्याचा अर्थ एवढाच, की म्हाताऱ्या माणसांचा दिवस जाईल असं काहीतरी बघायचं. आधीच्या बाईंनी त्यासाठी एक लाल प्लॅस्टिकचा चेंडू आणून ठेवला होता. रोज अकरा वाजता सव्वीस माणसं गोल करून बसायची आणि तो चेंडू एकमेकांकडे टाकायची. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते, आणि चाळीस वर्षं ऑपरेशनच्या आधी भूल देण्याचं काम केलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. चेंडू मांडीत आला की न्यायाधीश त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. जामीन द्यावा की न द्यावा, असा चेहरा असायचा.

ताईंनी पहिल्याच आठवड्यात तो चेंडू लोखंडी कपाटाच्या मागे टाकून दिला.

त्याला कारण होतं. त्यांचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. डोळे अधू झाले तसं काम सुटलं आणि घरच्यांनी त्यांना जपायला घेतलं. भाजी चिरू दिली नाही, कपबशी उचलू दिली नाही, तुम्ही आता आराम करा म्हणून सांगितलं. आराम करून करून बाबा अकरा महिन्यांत संपले. शेवटी शेवटी ते खुर्चीत बसून दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे, कुणीतरी हातात काही ठेवेल म्हणून वाट बघितल्यासारखे. कुणी ठेवलं नाही. ताईंनीही नाही, आणि ही गोष्ट त्या स्वतःला कधी विसरू देत नसत.

तेव्हा त्यांनी एक वही केली. दर माणसाला एक पान, आणि पानाच्या डोक्यावर एकच प्रश्न: हात काय करत होते? उत्तर माणसाकडून मिळालं नाही तर लेकीसुनांना, जुन्या शेजाऱ्यांना गाठायचं. न्यायाधीशांना त्यांनी स्वयंपाकघरातली भांडणं दिली. दूध कुणी सांडलं, खिडकी कुणी उघडी ठेवली, यावर साहेब दोन्ही बाजू ऐकून लेखी निकाल देऊ लागले, आणि तो निकाल स्वयंपाकीणबाईसुद्धा मानत. भुलीच्या डॉक्टरीणबाई इंजेक्शनला घाबरणाऱ्यांच्या उशाशी बसून हात धरू लागल्या. बघता बघता घराला जाग आली. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, तो ऐकून म्हणाला की बरं आहे, माणसं वर जाण्याआधी कामाला लावतेस. घरच्या सासूबाईंना मात्र ताईंनी कधी काही उद्योग दिला नाही. त्यांना तो होता, सुनेवर नजर ठेवण्याचा.

इथपर्यंत सगळं छान होतं, आणि छान म्हणून सोडून देता आलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पहिल्या गेल्या त्या लोकरीच्या आजी. त्यांनी एक स्वेटर सुरू केला होता, पूर्ण बाह्यांचा. मंगळवारी शेवटचा टाका घालून त्यांनी सुया शेजारी ठेवल्या, आणि गुरुवारी त्या गेल्या. वय एक्क्याण्णव, कुणाला काही वाटलं नाही. मग घड्याळजी. जेवणघरातलं मोठं घड्याळ कित्येक वर्षं पावणेचारावर थांबलं होतं. त्यांनी दीड महिना खपून ते चालू केलं, टोले नीट मोजून घेतले, आणि चौथ्या दिवशी चहा घेता घेता मान टाकली. मग एक शाळामास्तरीणबाई. त्यांना ताईंनी आयुष्यभरातल्या सगळ्या विद्यार्थ्यांची नावं आठवून लिहायला सांगितलं होतं. बाई रोज दहा-वीस नावं लिहायच्या आणि खूश असायच्या. एका दुपारी त्यांनी पेनला टोपण लावलं, म्हणाल्या की झाली सगळी, आणि सकाळी उठल्याच नाहीत.

त्या दिवशी स्वयंपाकीणबाई पातेलं घासता घासता सहज बोलून गेल्या. "ताई, तुम्ही काम संपवायला देता की माणूस?" बाजूच्या दोघी आयांना हसू आलं. ताईही हसल्या, आणि ते वाक्य पायात काटा मोडावा तसं आत राहिलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे ताईंना कळत नव्हतं असं नाही. नवऱ्यानेही समजावलं, माणसं वयाने मरतात, विणकामाने नाही. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्या दिवसापासून कुणाचं काम संपत आलं की ताई सावध व्हायच्या. त्या हळूच आणखी एक लोकरीचा गुंडा पुढे सरकवायच्या, चित्राला आणखी एक कोपरा जोडायच्या. काम अपुरं राहिलं म्हणजे माणूस राहील, असं एक वेडं गणित त्यांच्या मनात पक्कं बसलं, आणि वेडं आहे हे माहीत असूनही त्या ते सोडवत बसल्या.

त्याच सुमारास बाइंडरकाका आले.

काका पुस्तकं बांधायचे. बासष्ट वर्षं तोच धंदा, बोटांना दोऱ्याचे घट्टे पडलेले, उजवा हात किंचित थरथरणारा. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, सकाळी नऊला गेलेली साडेआठला परत यायची. घरात एकटे असताना काका दोनदा पडले, म्हणून ती त्यांना इथे घेऊन आली होती आणि आल्यापासून डोळे पुसत होती. काकाच तिला समजावत होते. डोकं त्यांचं लख्ख होतं. मेट्रनबाईंनी फॉर्म भरून घेतला तेव्हा त्यात स्पेलिंगच्या दोन चुका काढून दिल्या.

मग त्यांनी ताईंना बाजूला घेतलं. घर दुमजली होतं. खाली ही सगळी मंडळी, आणि वर ज्यांचं भान गेलं ती. वरच्या जिन्याच्या तोंडाला एक दार होतं, त्याला मूठ फक्त बाहेरच्या बाजूने होती. वर गेलेला माणूस खाली राहायला आला असं आजवर झालं नव्हतं. विरंगुळ्याच्या खोलीच्या बरोबर वरती कुणीतरी दिवसभर चालायचं, सपाता फरफटत, भिंतीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत. खालच्यांना तो आवाज ऐकू यायचा आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. काकांनी पहिल्याच दिवशी छताकडे बघून विचारलं, कोण चालतं? ताई म्हणाल्या, एक पोस्टमास्तर आहेत.

"माझा थोरला भाऊ असाच चालायचा," काका म्हणाले. भावाला त्यांनी सहा वर्षं घरी सांभाळलं होतं. भाऊ बांधायला आलेल्या पुस्तकांची पानं फाडायचा, आणि फाडल्यावर त्याला इतकी लाज वाटायची की तो कोपऱ्यात तोंड घालून रडायचा. म्हणून काका त्याला सांगायचे, अरे, तू नाही, मीच फाडली, चुकून. मग तो शांत व्हायचा. हे काकांनी आवाज न हलू देता सांगितलं.

"हातपाय जाऊ देत. डोकं जायला लागलं तर मला आधी सांगायचं. मेट्रनना नाही, मुलीला नाही, आधी मला. एवढं कबूल करा."

ताईंनी कबूल केलं. अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो.

घरात पुस्तकांचं एक कपाट होतं, कुणाकुणाच्या पश्चात जमलेलं. त्यात एक जाडजूड शब्दकोश होता. पुठ्ठा गेलेला, पाठ फाटलेली, शिवण सुटून पानं मोकळी झालेली. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचा चेहराच बदलला. अशी पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या जुडग्यांनी शिवतात, त्या जुडग्याला फर्मा म्हणतात. या कोशाचे साठ फर्मे होते. काकांनी सगळे सुटे केले, पुसले, फाटक्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक फर्मा शिवायला घेतला. पूर्वी ते असा कोश एका दिवसात शिवत. आता दिवसाला दोन फर्मे व्हायचे. दुपारी तीनला बसायचे, सहाच्या जेवणाची घंटा झाली की सुईत दुसऱ्या दिवसाचा दोरा ओवून ठेवायचे आणि उठायचे. सुया, दाभण, कात्री असलं टोकदार सामान लोखंडी कपाटात कुलपात राहायचं, कोशही तिथेच. किल्ली ताईंच्या गळ्यात असायची.

ताईंना त्यांच्याजवळ बसायला आवडायचं. काका शिवता शिवता शब्द वाचून दाखवायचे. एखादा जुना शब्द सापडला की चष्म्यावरून बघत विचारायचे, सांगा, याचा अर्थ काय? ताईंना यायचा नाही. काका म्हणायचे, तुमचं शिक्षण फुकट गेलं. ताईंना बाबा परत मिळाल्यासारखं वाटू लागलं होतं, हे सरळच सांगायला हवं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण घरी जाताना रस्त्याने त्या स्वतःशीच हसत असायच्या.

पन्नासावा फर्मा झाला त्या दुपारी काकांनी पाठ ताणली, शिवलेल्या ढिगावर तळवा ठेवला आणि समाधानाने म्हणाले, "आता दहाच राहिले. एवढा कोश झाला की मी मोकळा."

ताईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

मोकळा. आपण रोज हा शब्द वापरतो. भांडी झाली की मोकळे, मुलीचं लग्न झालं की मोकळे. पण ताईंच्या कानात तो वेगळाच शिरला. लोकरीच्या आजींनी सुया ठेवल्या त्या डोळ्यांपुढे आल्या, मास्तरीणबाईंचं पेनचं टोपण आलं. दहा फर्मे, म्हणजे पाच दिवस. वरती सपाता भिंतीपासून खिडकीकडे गेल्या आणि परत आल्या.

सहाची घंटा झाली. मंडळी जेवायला गेली. ताईंनी दार लोटलं, कोश समोर घेतला आणि शेवटची गाठ सुईच्या टोकाने सैल केली. दोरा मेणाचा असल्यामुळे सरळ निघून आला. दोन फर्मे उसवले. हात लावलाच नव्हता असं वाटावं म्हणून ते खालच्या गठ्ठ्यात नीट बसवले, काढलेला दोरा आपल्या पिशवीत टाकला, सुई होती तशी ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं. पाच मिनिटांचं काम. जेवणघरात आल्या तर काका सूप पीत होते आणि शेजारच्याला सांगत होते, पन्नास झाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी ढीग हातात घेतला आणि क्षणभर थांबले. मग शिवायला लागले. संध्याकाळी पन्नास झाले. ताईंनी दोन उसवले.

असे दिवस गेले. ताईंना आधी वाटलं होतं की थोडे दिवस, मग पुढे काहीतरी सुचेल. सुचलं काहीच नाही. एखाद्या दिवशी एकच उसवायच्या, एखाद्या दिवशी तीन, कोश आपला अठ्ठेचाळीस ते बावन्नच्या मध्ये हेलकावे खात राहिला. काका जिवंत होते. ताई रोज सकाळी फाटकातून आत आल्या की आधी त्यांच्या खोलीत डोकावायच्या, अंगावरचं पांघरूण हलतंय ना बघायच्या आणि मग चपला काढायच्या. देवाघरी पाऊल टाकणाऱ्या माणसाचा सदरा आपण मागून धरून ठेवलाय, असं त्यांना वाटायचं. चांगुलपणाला घाबरावं असं आपल्याला कुणी शिकवत नाही. शिकवायला हवं.

दरम्यान काका बोलायचे कमी झाले होते. शब्द वाचून दाखवणं बंद झालं. एकदा ताईंनी बघितलं, फर्मा शिवून झाला की ते मधल्या पानाच्या घडीत पेन्सिलीने बारीकसं टिंब करत. धंद्यातली जुनी सवय असेल, असं त्या समजल्या. उसवताना ती टिंबं दिसायची, पण त्यांनी ती तशीच राहू दिली. खोडायचं कशाला? पुढे काका तीन तीनदा उठून नळ बघून यायला लागले. तळहातावर शाईने वार लिहायला लागले. आमटीच्या वाटीत चमचा धरून बसून राहायचे. मुलगी रविवारी आली की तिचे डोळे वाचल्यासारखे तिच्याकडे बघायचे, हिला कळलंय का म्हणून. न्यायाधीशांनी एकदा ताईंना बाजूला घेऊन विचारलं, या गृहस्थांचं काहीतरी हरवलंय का?

आणि ताईंना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, हे जायला निघालेत. माणूस जाण्याआधी असाच आत आत जातो, बाबा गेले होते. म्हणून त्यांनी दोनाचे तीन उसवायला घेतले.

चौथ्या आठवड्यात एका सोमवारी तीन वाजून गेले तरी काकांनी सुई उचलली नाही. कोश समोर होता. बाकीची मंडळी अजून यायची होती. काका ताईंच्याकडे वळले आणि हात मांडीवर घेऊन बसले.

"ताई, तुम्ही एक कबूल केलं होतं."

ताईंनी हातातली वही मिटली.

"मी फर्मा शिवला की आत टिंब करतो. मला शंका आली म्हणून करायला लागलो. रोज बघतो तर टिंब असतं आणि शिवण नसते." त्यांनी ते फर्मे उघडून दाखवले. एकेका घडीत तीन तीन, चार चार टिंबं एकाखाली एक होती. "म्हणजे मी टिंब करतो आणि शिवत नाही. पण शिवल्याचं मला आठवतं. परवा सुई टोचली तेही आठवतं. बोट बघितलं तर टोचल्याची खूण आहे. मग ती कशाची, ते कळत नाही."

वरती सपाता चालत होत्या. काकांनी त्या खिडकीपर्यंत जाऊ दिल्या.

"आधी मी लोकांवर संशय घेतला. सांगायला लाज वाटते. पण मग लक्षात आलं, कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते. म्हणजे प्रश्नच मिटला. तेव्हा तुम्ही सांगा. सुरू झालंय ना?"

ताईंना त्या क्षणी सगळं दिसलं. टिंबं, नळ, तळहातावरचे वार. आपण चार आठवडे एका माणसाचं डोकंच उसवत होतो, हे त्यांना स्वच्छ कळलं. तोंड उघडून फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य बोललं की काका कोश पाच दिवसांत पुरा करणार आणि मोकळे होणार, आणि त्याआधी आपल्याकडे कसे बघणार. माणूस भित्रा असतो तो नेमका अशाच वेळी.

"वयाप्रमाणे थोडंफार होतंच, काका," ताई म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. अवघड शब्दाचा अर्थ सापडल्यावर हलवायचे तशीच. "बरं झालं तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले, आणि सुईतला दोरा काढून रिळाला गुंडाळून ठेवला.

त्या संध्याकाळी ताईंनी कोशाला हात लावला नाही. घरी जेवल्या नाहीत. उद्या सकाळी गेल्या गेल्या सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. सकाळी गेल्या तर काका डॉक्टरांच्या समोर बसलेले. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, आणि त्या दिवशी काकांनी स्वतःच जाऊन नाव दिलं होतं. डॉक्टरांनी साल विचारलं. ज्याने फॉर्ममधल्या चुका काढल्या होत्या तो माणूस घाबरून तळहाताकडे बघू लागला आणि म्हणाला, विचारून सांगतो. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं तेव्हा त्र्याण्णववरच अडकले. स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडालेल्या माणसाला आकडे तरी कसे विश्वास देणार. डॉक्टरांनी कागदावर जे लिहायचं ते लिहिलं. ताई उंबरा ओलांडून आत जाऊ बघत होत्या तर मेट्रनबाईंनी दार ओढून घेतलं.

बुधवारी ताईंचा धीर झाला नाही. गुरुवारी मुलीला दुकानातून बोलावलं होतं. ती पोचायच्या आतच काका आपली पिशवी आणि कंगवा घेऊन जिन्यापाशी जाऊन उभे राहिले होते. कुणाला आपल्याला उचलून न्यायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. जिना त्यांनी आपल्या पायांनी चढला.

ताईंनी मग सांगितलं. आधी मेट्रनबाईंना, उभ्याउभ्या, एका दमात. मेट्रनबाई बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाल्या की लेखी द्या, आणि आधी वर जाऊन त्यांना सांगा, ते यायला तयार असतील तर मी डॉक्टरांशी बोलते.

वरची खोली खालच्यासारखीच होती, फक्त टेबलावर काही नव्हतं. काका खिडकीशी बसले होते. पोस्टमास्तर त्यांच्यासमोरून येत-जात होते. ताई जमिनीवरच बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. आजींचा स्वेटर, घड्याळ, तो 'मोकळा' शब्द. रोज सहा वाजता मी उसवत होते, मी, तुम्ही सूप पीत असताना. तुमचं डोकं चांगलं आहे, काका, माझं फिरलं होतं.

काकांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. ताईंचं संपल्यावर त्यांनी हात ताईंच्या डोक्यावर ठेवला.

"मी भावाला असंच सांगायचो," ते म्हणाले. "त्याला खरं वाटायचं. माझं अजून तेवढं झालेलं नाही."

ताईंनी शपथ घेतली. काकांनी हसून ती सोडवली. मुलगी आली, तिला ताईंनी सगळं सांगितलं होतं. ती वडिलांच्या पाया पडून चला म्हणाली, घरी चला, मी नोकरी सोडते. काका म्हणाले, वेडी आहेस का, आज बरं वाटतंय म्हणून खाली न्याल, उद्या पुन्हा चढावं लागेल, आणि हा जिना दोनदा चढायची माझी ताकद नाही. खाली उतरताना मुलगी ताईंना एवढंच म्हणाली, "तुम्ही चांगल्या मनाने केलंत, हेच मला सहन होत नाही." पुढे ती ताईंशी कधी बोलली नाही.

ताईंनी लेखी दिलं. तो कागद मेट्रनबाईंच्या खणात आहे. या पगारात दुसरी बाई कुठून आणायची म्हणून की आणखी कशासाठी, पण ताईंना काढलं नाही. उलट वरच्या मजल्यावरही आठवड्यातून तीनदा जायचं काम दिलं. ती शिक्षा होती की दया, हे ताईंना अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी स्वतः मात्र ती शिक्षा म्हणून घेतली.

काका मेले नाहीत. ताईंना जे हवं होतं ते अगदी जसंच्या तसं मिळालं. चार वर्षं झाली, डॉक्टर दर महिन्याला छाती तपासतात आणि प्रकृती ठणठणीत आहे म्हणतात. पहिलं वर्षभर काका पुष्कळदा बरोबर बोलायचे, पण ते बरोबर आहे यावर त्यांचाच विश्वास नसायचा, आणि पुढे पुढे बोलणंच राहिलं. कोश खाली कपाटात आहे, दहा-बारा फर्मे सुटे. ताईंनी तो एकदा वर नेला होता. पण वर सुई चालत नाही, दाभण, कात्री, दोरासुद्धा चालत नाही. काकांनी पानांवरून बोट फिरवलं, एक टिंब बघितलं आणि कोश मिटून परत दिला. पुन्हा आणू नका म्हणाले.

वहीत काकांचं पान आहे. हात काय करत होते, याच्याखाली ताईंच्या अक्षरात सगळं लिहिलेलं आहे, त्यातलं काहीही वर देता येत नाही. टोक नसलेलं, दोरा नसलेलं, गिळता न येणारं, असं काय द्यायचं, म्हणून त्यांनी बरंच शोधलं. काका खुर्चीत बसलेले असायचे, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून, भिंतीकडे बघत. ते बघवेना तेव्हा एका दुपारी ताई खाली आल्या, लोखंडी कपाट ओढून पुढे घेतलं आणि मागे हात घातला. त्या लाल चेंडूवर धूळ बसली होती. त्यांनी तो नळाखाली धुतला, पदराने पुसला आणि वर नेऊन काकांच्या तळव्यांवर ठेवला.

काकांनी तो दोन्ही हातांनी नीट धरला. उलटसुलट करून शिवण कुठे दिसते का पाहिलं. मग मान वर केली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आता हा कुणाकडे टाकायचा?"